सल्ला कुणाचा, निर्णय कुणाचा?

ज्याचे मूल शाळेत जाते त्याला त्या शाळेच्या कारभाराविषयी बोलण्याचा अधिकार असावा, हे तत्त्व आज कोणीही उघडपणे नाकारणार नाही. मंत्र्यांच्या भाषणांत, शासनाच्या परिपत्रकांत आणि शिक्षणविषयक अहवालांत लोकसहभागाचा गौरव ठरलेला असतो. तथापि एखादे तत्त्व मान्य असणे आणि व्यवहारात त्याला किंमत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पालकांची समिती नेमली, तिच्या सभा भरल्या, इतिवृत्तावर सह्या झाल्या, की पालकांचा सहभाग सिद्ध झाला असे मानण्याची सवय आपल्या शिक्षणव्यवस्थेला जडली आहे. त्या सभांतून काय निघाले आणि जे निघाले त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

कमी पटाच्या शाळांच्या निमित्ताने तो विचारणे भाग आहे. दहापेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या सुमारे १३०० शाळा बंद करून तेथील मुले जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय २०१७ च्या अखेरीस जाहीर झाला. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. अशा शाळांची संख्या १४ हजारांवर होती. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील शाळा नमुना म्हणून पुढे ठेवण्यात आल्या. समूह शाळेची कल्पना मुळातच त्याज्य आहे असे नाही. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता एकाच खोलीत सांभाळण्यापेक्षा प्रत्येक इयत्तेला शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि क्रीडांगण असलेली मोठी शाळा मुलांना अधिक काही देऊ शकेल, हा युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे. परंतु हे प्रस्ताव मागविले गेले ते शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांकडून. ज्या गावची शाळा जायची, त्या गावच्या समितीची संमती ही त्यांची पूर्वअट नव्हती. शिवाय त्या वेळी राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपून कारभार प्रशासकांच्या हाती गेला होता. म्हणजे शाळेच्या प्रश्नावर बोलू शकेल असा निवडून आलेला आवाज गावात उरला होता तो मुख्यतः ग्रामपंचायतीचा आणि शाळा व्यवस्थापन समितीचा. नेमका तोच आवाज या हिशेबात धरला गेला नाही.

जुना वाद

शाळेचा खर्च कोण सोसतो आणि शाळेचा निर्णय कोण घेतो, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले होते. सरकारी तिजोरीत जाणारा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि त्यातून होणारा शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पदरी पडतो, ही त्यांची तक्रार होती. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर कराचा भार एकाकडे आणि खर्चाची निवड दुसऱ्याकडे अशी ती विभागणी होती.

पुढील शंभर वर्षांत शाळेवरील अधिकाराचा लंबक या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत राहिला. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे सोपविल्या. १९४७ च्या कायद्याने शासनाचे नियंत्रण पुन्हा वाढविले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. त्यानंतर ग्रामशिक्षण समित्यांचा प्रयोग झाला. मात्र सत्ता मुंबईकडून जिल्ह्याकडे आली, तरी जिल्ह्याकडून शाळेच्या दारापर्यंत ती फारशी पोहोचली नाही. ते काम २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराच्या कायद्याने करावयाचे होते.

कायद्यातील दोन कलमे

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याचे एकविसावे कलम शाळा व्यवस्थापन समितीविषयी आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असा दंडक कायद्याने घातला. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे, ही तिची कामे ठरली. बाविसाव्या कलमाने तर आणखी मोठी गोष्ट सांगितली. शासनाने अथवा स्थानिक संस्थेने करावयाच्या योजना आणि द्यावयाची अनुदाने यांना हा शाळा विकास आराखडाच आधार असेल, असे त्यात म्हटले आहे.

या वाक्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. मोलमजुरी करणाऱ्या पालकांनी शाळेत बसून केलेली मागणी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या आणि शेवटी राज्याच्या अंदाजपत्रकाचा पाया व्हावी, असा त्याचा आशय आहे. प्रत्यक्षात मात्र ही वाट बहुधा उलटी चालते. वरून योजना येते, तिचे शीर्ष येते, रक्कम येते आणि त्या रकमेत बसेल असा आराखडा शाळेत लिहिला जातो. समग्र शिक्षा योजनेखाली ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाकाठी १० हजार रुपये आणि ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५ हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान, असे प्रमाण आखलेले आहे. एवढ्या रकमेत खडू-फळ्यापासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सारे भागवावयाचे असते. अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या जोडसहीने हे पैसे निघतात आणि समितीचे आर्थिक अधिकार जवळजवळ तेथेच संपतात. शाळेवरील खर्चाचा फार मोठा भाग शिक्षकांच्या वेतनाचा असतो. शिक्षक किती असावेत, कोण असावेत, केव्हा बदलून जावेत, यावर समितीचा काडीचाही अधिकार नसतो.

शहरांतील आणि निमशहरांतील वाचकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. २०१२ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अल्पसंख्याकांनी स्थापलेल्या शाळांबरोबरच इतर सर्व खासगी अनुदानित शाळांमधील समितीचे काम केवळ सल्लागार स्वरूपाचे राहील, असे ठरले. शाळा विकास आराखडा करण्याचे बंधनही या शाळांवरून उठले. अल्पसंख्याकांच्या संस्थांना राज्यघटनेचे विशेष संरक्षण आहे, तेव्हा त्यांचा विचार निराळा. परंतु ज्या संस्थेतील शिक्षकांचे वेतन सरकारी तिजोरीतून होते, त्या संस्थेच्या कारभारात पालकांना सल्ल्यापलीकडे काही असू नये, याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करावयाचे? महाराष्ट्रात खासगी अनुदानित शाळांचा पसारा केवढा आहे हे लक्षात घेतले, म्हणजे या एका शब्दाने किती पालक दाराबाहेर राहिले याची कल्पना येईल.

अमेरिकेचा अनुभव

‘सल्लागार’ या शब्दाचे व्यवहारात काय होते, हे पाहावयाचे तर अमेरिकेतील शाळांचा इतिहास उपयोगी पडतो. कारण पालक व नागरिकांच्या सल्लागार समित्यांचा प्रयोग तेथे दीर्घकाळ आणि मोठ्या प्रमाणावर झाला आहे. तेथील सार्वजनिक शाळांचा कारभार सुमारे १३ हजार शालेय जिल्ह्यांत विभागलेला आहे. हा जिल्हा आपल्या महसुली जिल्ह्यासारखा नसून केवळ शाळांसाठी आखलेला प्रदेश असतो. बहुतेक ठिकाणी त्याचे स्वतंत्र निवडलेले मंडळ असते आणि खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ताकरातून येतो. कर देणारा आणि निर्णय घेणारा यांच्यातील अंतर तेथे मुळातच कमी आहे. असे असूनही गरीब वस्त्यांतील पालकांना आपले कोणी ऐकत नाही असे वाटले, म्हणून सल्लागार समित्या आल्या.

१९६५ च्या संघीय शिक्षण कायद्याने गरीब मुलांच्या शिक्षणासाठी शालेय जिल्ह्यांना निधी मिळू लागला. हा निधी योग्य कामी लागावा यासाठी १९७४ मध्ये जिल्ह्याच्या आणि शाळेच्या पातळीवर पालकांच्या सल्लागार परिषदा सक्तीच्या करण्यात आल्या. १९७८ मध्ये त्यांविषयीच्या तरतुदी अधिक विस्तृत झाल्या. १९८१ मध्ये रेगन यांच्या राजवटीत नवा कायदा आला आणि परिषदांची सक्ती गेली. पालकांशी विचारविनिमय करावा एवढेच मोघम बंधन उरले. ज्या अधिकारामागे निधीचे वा निर्णयाचे बळ नसते, तो एका कायद्याने येतो आणि दुसऱ्याने जातो, हा या सात वर्षांचा धडा आहे.

शेरी अर्नस्टीन या अमेरिकन विदुषीने १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. माहिती देणे, मत विचारणे आणि सल्लागार म्हणून बसविणे या पायऱ्या तिने शिडीच्या मध्यावर ठेवल्या आणि त्यांना नाममात्र सहभाग म्हटले. बोलणाऱ्याला बोलू दिले जाते, पण त्याचे म्हणणे अमलात येईल याची हमी कोणी देत नाही, हे त्याचे कारण. आपल्याकडील समित्या या शिडीवर कोठे उभ्या आहेत, हे शोधण्यास फार श्रम पडू नयेत.

याच्या दुसऱ्या टोकाला शिकागोचा प्रयोग आहे. १९८८ च्या कायद्याने त्या शहरातील शाळांना निवडलेल्या स्थानिक शाळा परिषदा मिळाल्या. सहा पालक, परिसरातील दोन नागरिक, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक अशी त्यांची रचना ठरली आणि १९८९ मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या. या परिषदा केवळ सल्ला देणाऱ्या नव्हत्या. मुख्याध्यापकाची चार वर्षांच्या करारावर निवड करणे, शाळेचा सुधारणा आराखडा आणि अंदाजपत्रक मंजूर करणे, हे अधिकार त्यांना कायद्याने दिले. इतके अधिकार असूनही २०१३ मध्ये शहराच्या शिक्षण मंडळाने सुमारे ५० शाळा एकाच वर्षी बंद करण्याचे ठरविले, तेव्हा या परिषदांचा विरोध उपयोगी पडला नाही. त्या शाळांतील बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती. सुनावण्या झाल्या, पालक बोलले, निदर्शने झाली. परंतु शाळा ठेवावी की मोडावी हा निर्णय परिषदेच्या कक्षेबाहेरचा होता आणि तो बाहेरच राहिला. घरात कोणते सामान कोठे ठेवावे हे ठरविण्याचा अधिकार द्यावा आणि घर पाडण्याच्या वेळी मात्र विचारू नये, अशातला हा प्रकार झाला. वीसपेक्षा कमी पटाच्या महाराष्ट्रातील शाळांची स्थिती याहून बिकट आहे, कारण तेथील समितीला सामान हलविण्याचाही फारसा अधिकार नाही.

शिक्षकांची शंका

समित्यांना अधिकार द्यावेत असे म्हणताच शिक्षकवर्गातून एक शंका व्यक्त होते आणि ती निराधार नाही. गावातील राजकारण शाळेत शिरेल, समितीचा अध्यक्ष म्हणजे शिक्षकावर बसविलेला आणखी एक साहेब होईल, ही ती शंका होय. न्यूयॉर्कमध्ये १९६८ साली नेमके असे घडले. ओशन हिल-ब्राउन्सव्हिल या वस्तीत प्रयोग म्हणून निवडलेल्या स्थानिक मंडळाने काही शिक्षकांना व पर्यवेक्षकांना आपल्या शाळांतून दूर केले. शिक्षक संघटनेने त्याविरुद्ध शहरभर संप पुकारला आणि त्या वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत एकूण ३६ शालेय दिवस शाळा बंद राहिल्या. वस्तीतील बहुसंख्य पालक कृष्णवर्णीय आणि दूर केलेले शिक्षक बहुतांशी गोरे असल्याने त्या संघर्षाला वांशिक रंग चढला. १९६९ च्या कायद्याने शहरात स्थानिक शाळा मंडळे आली. त्यांच्या निवडणुकांत मतदान अत्यल्प होत गेले, गैरव्यवहारांच्या तक्रारी वाढल्या आणि २००२ मध्ये कारभार महापौरांकडे सोपविण्यात आला.

यावरून पालकांना अधिकार देऊच नयेत असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. कोणता अधिकार कोणाला द्यावा, याची विभागणी काळजीपूर्वक करावी, एवढेच यावरून सिद्ध होते. शिक्षकाची नेमणूक, बदली, शिस्तभंगाची कारवाई आणि वर्गातील अध्यापन या बाबी नियमांनी आणि शास्त्राने ठरतात. त्या गावच्या बहुमतावर सोपविणे अन्यायाचे होईल. शाळा कोठे असावी, किती वाजता भरावी, पैसा कशावर खर्च व्हावा, दुरुस्ती आधी की कुंपण आधी, आणि शाळा राहावी की जावी, हे प्रश्न मात्र वेगळ्या जातीचे आहेत. ओढ्याला पाणी केव्हा येते, ऊसतोडीसाठी कोणती घरे केव्हा रिकामी होतात, वाटेवरचा कोणता टप्पा मुलींसाठी धोक्याचा आहे, हे ज्ञान शिक्षणाधिकाऱ्याच्या तक्त्यात नसते. ते पालकांजवळ असते. असे ज्ञान निर्णयात न आणणारी व्यवस्था केवळ अलोकशाही असते असे नाही, ती खर्चिकही असते. चुकीच्या जागी बांधलेल्या खोल्या आणि कोणीच न वापरलेली साहित्याची खोकी हा त्याच अज्ञानाचा खर्च आहे.

कमी पटाच्या शाळेचा हिशेबही याच दृष्टीने तपासावयास हवा. दर विद्यार्थ्यामागे खर्च फार येतो, म्हणून शाळा बंद करावी, असे सांगितले जाते. शासनाच्या वहीत तो खर्च कमी होतोही. परंतु दूरच्या शाळेत मूल पोहोचविण्याची यातायात, त्यासाठी बुडणारा रोजगार, पावसाळ्यातील गैरहजेरी आणि सातवी-आठवीत घरी बसविलेली मुलगी, हा सारा खर्च पालकांच्या वहीत चढतो आणि ती वही तपासायला कोणताही लेखापरीक्षक जात नाही. कायद्याच्या नियमांनी महाराष्ट्रात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरविले, ते याच वहीचा विचार करून.

निघून जाणारे आणि मागे उरणारे

समित्या निष्प्रभ का राहतात, याचे आणखी एक कारण आहे आणि त्यात मध्यमवर्गाचा वाटा मोठा आहे. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले, की एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला म्हणजे तिच्याशी संबंधित लोकांपुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे निघून जाणे आणि दुसरा म्हणजे आत राहून आवाज उठविणे. सार्वजनिक शाळांच्या बाबतीत दर्जाविषयी सर्वांत जागरूक असलेले पालकच आधी निघून जातात. त्यामुळे आवाज उठवू शकणारे कमी होतात आणि घसरण अधिक वेगाने होते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांची कहाणी याहून निराळी नाही. शिक्षक, कारकून, ग्रामसेवक, बागायतदार यांची मुले इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत गेली. मागे उरले ते मजूर, अल्पभूधारक, स्थलांतर करणारे. सभा भरवली जाते दुपारी, शाळेच्या वेळेत. म्हणजे समितीवर येणाऱ्या बाईने दिवसाचा रोज बुडवावयाचा आणि ज्या कागदाची भाषा तिला उलगडत नाही त्यावर सही करून परतावयाचे. मग तीच सही लोकसहभागाचा पुरावा म्हणून वर जाते.

मुख्याध्यापकाची अवस्थाही येथे समजून घेतली पाहिजे. तो समितीचा सचिव असतो. सभा बोलावणे, इतिवृत्त लिहिणे, हिशेब ठेवणे, पोषण आहाराच्या नोंदी पाहणे हे सारे अध्यापनाखेरीज त्यालाच करावे लागते. इतिवृत्त वेळेत वर गेले नाही तर जाब त्याला विचारला जातो. समितीच्या ठरावाला उत्तर आले नाही तर मात्र कोणालाही जाब विचारला जात नाही. अशा स्थितीत त्याने कागद पुरा करण्याकडे लक्ष दिले, तर दोष त्याला एकट्याला देता येणार नाही.

उत्तर देण्याचे बंधन

या सर्वाचा निष्कर्ष एकच निघतो. सल्ल्याची किंमत सल्ला देणाऱ्याच्या शहाणपणावर जेवढी अवलंबून असते, त्याहून अधिक ती सल्ला नाकारणाऱ्याला काय करावे लागते यावर अवलंबून असते. नाकारताना काहीच करावे लागत नसेल, तर उत्तम सल्लाही फुकट जातो. म्हणून प्रत्येक समितीला प्रत्येक बाबीत निर्णयाधिकार देणे शक्य नसले, तरी तिच्या सल्ल्याला उत्तर देण्याचे बंधन शासनावर घालणे पूर्णपणे शक्य आहे आणि तेच प्रथम झाले पाहिजे.

शाळेचे विलीनीकरण, स्थलांतर वा माध्यमबदल यांविषयीचा प्रस्ताव अंतिम होण्यापूर्वी तो पटाच्या, खर्चाच्या आणि अंतराच्या आकड्यांसह सोप्या मराठीत, आणि आवश्यक तेथे मुलांच्या बोलीत, समितीपुढे यावा. विचारासाठी पुरेशी मुदत असावी. समितीचे मत विरुद्ध गेल्यास ते का मान्य नाही याची कारणे संबंधित अधिकाऱ्याने आपल्या सहीने लेखी द्यावीत आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत. शाळा विकास आराखड्यातील कोणती मागणी मंजूर झाली, कोणती फेटाळली आणि का, हे दर वर्षी शाळेला कळविले जावे. असे झाले तरच बाविसाव्या कलमाला अर्थ येईल. समित्यांच्या प्रतिनिधींना तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या शिक्षणविषयक बैठकांत बसण्याची जागा असावी, कारण अंदाजपत्रक तेथे ठरते. सभा संध्याकाळी भराव्यात. आणि खासगी अनुदानित शाळांतील समित्यांचे कार्य सल्लागार ठेवावयाचेच असेल, तर निदान सरकारी पैशाचा वार्षिक जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवण्याची सक्ती व्हावी.

यांपैकी एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती उत्तर देण्याची तयारी, आणि प्रशासनाला नेमकी तीच सर्वांत महाग वाटते. लेखी कारण द्यावे लागले म्हणजे आकडे तपासावे लागतात, आकडे तपासले म्हणजे घाईने घेतलेले काही निर्णय मागे घ्यावे लागतात. पण उद्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवरची शाळा खरोखरच बंद करावी लागली, तर त्या वाडीतील आईबापांना निदान एवढे कळले पाहिजे, की आपले म्हणणे कोणीतरी वाचले होते, त्यावर विचार केला होता आणि ते का मानले गेले नाही हे सांगण्याइतका मान आपल्याला दिला होता. तेवढेही ज्यांना मिळत नाही, त्यांची सही इतिवृत्तावर घेण्याचा अधिकार शासनाला कोठून येतो, याचे उत्तर मात्र शासनानेच द्यावयाचे आहे.